मेजरांना बघायला निघालेला टेम्पो

कृष्णात मेजरांनी फोनवर आलेला सहा आकडी कोड सांगितला तो अगदी फौजी शिस्तीत, एकेक आकडा तोडून आणि खात्रीसाठी दोनदा. माजी सैनिकांच्या मेळाव्याच्या ग्रुपमध्ये नाव घालायचंय, असं पलीकडचा माणूस म्हणाला होता. शिवाय तो त्यांना 'सुभेदार साहेब' म्हणाला होता. आष्ट्यात पेन्शनीत निघालेल्या प्रत्येक फौजीला मेजर म्हणतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण कृष्णात मेजर निवृत्त झाले ते हवालदार म्हणून, आणि सुभेदारकी हुकल्याचं शल्य अठरा वर्षं उरात होतं. ते एका परक्या माणसानं एका शब्दात दूर केल्यावर त्याला नाही म्हणणं मेजरांच्या जिवावर आलं.

दोन मिनिटांत त्यांचं व्हॉट्सॲप बंद पडलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मेजर काही अडाणी नव्हते. कोड कुणाला सांगायचा नाही, हे सगळ्या गल्लीला त्यांनीच शिकवलं होतं, तेही दम देऊन. गेल्या वर्षी शेजारचा नाथाजी वीजबिलाच्या भानगडीत फसला, तेव्हा त्यांनी त्याला चार माणसांत 'बिनडोक' म्हटलं होतं. तेव्हापासून नाथाजी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा. खातं परत मिळवण्याच्या घाईत मेजरांनी पाच वेळा चुकीचा कोड दाबला, तेव्हा फोननं त्यांना चार तासांनी यायला सांगितलं.

पण खरी धास्ती वेगळीच होती. थोरली बहीण सुलाआक्का कवठे महांकाळला दिलेली. भावाला शिंक आली तरी ती देव पाण्यात घालायची. तिनं आठवड्यापूर्वी बारा शेळ्या विकल्या होत्या, पैसे बँकेत होते, आणि फोनवरून पैसे धाडायला ती नुकतीच शिकली होती. शिकवणारे गुरुजी अर्थातच मेजर. त्यांनी तिला फोन लावला, तर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. सैपाकघरात बायको, राजेश्वरीबाई, भाकरी थापत होत्या, पण त्यांना सांगायचं म्हणजे चावडीवर सांगायचं. मेजर दोन तास तसेच सोफ्यावर घाम पुसत बसून राहिले.

एवढ्यात नाथाजी शहाळं घेऊन आत आला. "वैनी, टेम्पो थांबलाय, चला बिगीबिगी," असं म्हणतोय तोच सोफ्यावरचे मेजर दिसले आणि त्याच्या हातातलं शहाळं पडता पडता राहिलं.

"आवं मेजर, तुमी तर सांगलीत खाटंवर हाय न्हवं?"

मग उलगडा झाला. मेजरांच्या फोनमधल्या झाडून सगळ्यांना मेजरांच्या नावानं निरोप गेला होता. सांगलीत दवाखान्यात ॲडमिट आहे, तातडीनं वीस हजार पाठवा, उद्या परत करतो. खाली 'कुणाला सांगू नका' असंही होतं, त्यामुळे अर्ध्या तासात ते गावभर झालं होतं.

"किती जणांनी पैसं धाडलं?" मेजरांनी विचारलं.

नाथाजीला प्रश्नच कळेना. "आजारी माणसाला बघाय जायाचं सोडून नुसतं पैसं धाडायचं व्हय? लोक शेण घालतील तोंडात. म्हटलं आदी बघू, मग हातात दिऊ."

मेजर उठले आणि कोपऱ्यावर गेले. टेम्पोत चौदा माणसं दाटीवाटीनं बसली होती. मांडीवर भाकरीची गठुडी होती आणि गल्लीतल्या बयाबाईंच्या हातात पेजेचा डबा. मेजरांना चालत येताना बघून टेम्पोतल्या सगळ्या माना वळल्या. थाप मारता आली असती, पण आक्काच्या पैशांचं काय झालं ते अजून कळायचं होतं. मेजर ताठ उभे राहिले आणि नाथाजीकडे बघून म्हणाले, "कोड मीच सांगितला. बिनडोक मी."

नाथाजीनं शहाळं त्यांच्या हातात दिलं.

मग सगळ्यांचे फोन निघाले आणि चोराची काय दशा झाली होती ते कळलं. प्रत्येकानं त्यालाच मेजर समजून आवाज भरून निरोप धाडले होते. दवाखाना कुठला, खाट कितवी, भाकरी चालतीया का पेज, रातच्याला सोबतीला कोण हाय. चोर वीस हजारांवरून दहावर आला, दहावरून पाचावर. शेवटी त्यानं सगळ्यांना एकच मजकूर टाकला होता, 'मी बरा झालो आहे, कृपया कोणीही येऊ नये.'

तेवढ्यात आक्काचाच फोन आला. ती एसटीत होती, मिरजेच्या पुढं, मांडीवर कोंबडीच्या रश्श्याचा डबा.

"किस्ना, बरा झालो म्हणून लिवलंस, पर मला खरं वाटंना. पोरगं दुखणं लपवतंया म्हटलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून ऱ्हाईन म्हणून कळवलं तर तू बोलायचंच सोडलंस."

"आक्का, पैसं धाडलंस का?"

"तुझं त्वांड बघितल्याबिगर रुपाया सुटायचा न्हाई माझ्या हातनं."

मेजरांना भरल्या गल्लीत रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

दुपारी खातं परत आलं. एवढा सैपाक वाया का घालवायचा म्हणून सगळे मेजरांच्याच अंगणात जेवायला बसले. सुलाआक्काही पोचली होती. मेजरांनी खातं उघडून पाहिलं, तर जाता जाता चोरानं बावीस जणांना ब्लॉक केलेलं. आक्काचं नाव पहिलं. ब्लॉक म्हणजे काय, असं तिनं विचारलं, तेव्हा मेजर म्हणाले की तुझ्या भीतीनं त्यानं दाराला आतून कडी घातली. आक्कानं समाधानानं पदर सारखा केला. मग प्रत्येकालाच आपलं नाव ऐकायचं होतं. मेजर उभे राहून परेडवर पदकं जाहीर करावीत तशी नावं वाचू लागले आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडू लागल्या. बावीस संपले, तेव्हा एकटा नाथाजी मान खाली घालून भाकरी कुस्करत होता.

"मी बी त्याला व्हॉट्सॲपवर चार येळा फोन केला हुता की," तो हळूच म्हणाला.

मेजरांनी चष्मा पुसला, पाठ फिरवून फोनवर दोन-चार ठिकाणी बोट टेकवलं आणि नाथाजीला स्वतःच ब्लॉक केलं. मग ते वळले. "एक नाव वाचायचं ऱ्हायलं," म्हणाले, आणि तेविसावं नाव त्यांनी सगळ्यांत खणखणीत आवाजात वाचलं.