अकरा पायऱ्यांचे कॉलेज

"पोरगी शाळेत मास्तरीण हाय, तरी आम्ही मोठ्या मनानं पाहू!"

शेषरावांनी फोनवर असे फर्मावले, तेव्हा वरवट बकालमधल्या त्यांच्या दारावरची लेकाच्या नावाची ‘प्रा. राजकुमार’ ही पितळी पाटी स्वतःच्याच तेजाने उजळल्यासारखी वाटली. राजकुमार अकरावी-बारावीला मराठी शिकवी. महाराष्ट्रात अकरावी म्हणजे कॉलेज, आणि कॉलेजात शिकवणारा तो प्राध्यापक! या एका अक्षराच्या बळावर त्याने उंद्रीच्या दोन शिक्षिका नाकारल्या होत्या. परंतु बऱ्हाणपूरच्या अर्पिताचा फोटो पाहिला आणि त्याचे सारे पांडित्य वितळले. हे स्थळ मोडले असते, तर तो उन्मळून पडला असता.

शनिवारी सकाळी अर्पिता आणि तिचे वडील भगवंतराव घर पाहायला आले. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या.

"कोणत्या वर्गाले शिकवता जी?" भगवंतरावांनी विचारले.

"अकरावी, बारावी."

"मंग ते तं शाळाच झाली! आमच्या मध्य प्रदेशात बारावीपर्यंत शाळाच राह्यते."

जणू कुणी पाटीवरचे अक्षरच खरवडून नेले!

"शाळा?" शेषराव उसळले. "चला, कॉलेजच दाखवतो!"

"बाबा, काऊन उगाच..."

"चाल बे!"

कॉलेज होते, पण ते शाळेच्या डोक्यावर होते. खाली पाचवी ते दहावी, मध्ये अकरा पायऱ्यांचा लोखंडी जिना, वर पत्र्याच्या दोन खोल्या. ज्ञानाची उत्तुंग भरारी इतक्या स्वस्तात आटोपणारा जिना साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल!

शेषरावांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच मुख्याध्यापक इंद्रभान सर धावत आले.

"राजकुमार! रजेवर व्हता ना? बरं झालं आला! नववी ‘ब’ मोकळी हाय. रोजच्यासारखा तास घेऊन टाक!"

"रोजच्यासारखा?" भगवंतरावांच्या भुवया वर गेल्या.

"प्राध्यापक खाली बी उतरतात कधी कधी," मागोमाग आलेल्या राजकुमारच्या आईने, शालूबाईंनी लेकाची बाजू सावरली.

खिडकीतून नववी ‘ब’ने एकमुखाने घोषणा केली, "मास्तर आले!"

आता अर्पिता प्रथमच बोलली. "मी बी अकरावी-बारावीलेच शिकवते, काका. रसायनशास्त्र."

शेषरावांच्या कपाळावर आठ्यांची गर्दी झाली. "म्हणजे इकडं आली, तं तू प्राध्यापक?"

"हो. अन् हे तिकडं आले, तं मास्तर."

भगवंतरावांनी खाकरून घसा साफ केला. "पोरगा शाळामास्तर हाय, तरी आम्ही मोठ्या मनानं पाहू!"

राजकुमारने अर्पिताकडे पाहिले. फाशीची तारीख ऐकणाऱ्याचे डोळेही इतके आर्त नसतील!

"मले मास्तर चालते," ती म्हणाली. "तास बुडवणारा चालत नाही. जा, पोरं वाट पाहून राह्यली."

होकार! राजकुमार आनंदाने निघाला आणि ताठ मानेने, दमदार पावलांनी अकराच्या अकरा पायऱ्या चढून गेला.

वर पोहोचल्यावर त्याला आठवले, नववी ‘ब’ खाली होती!