कॅशियरसाहेबांची डुलकी

टेलरमास्तरांचा एक हत्ती आधीच गेला होता आणि वजीर जायच्या बेतात होता, नेमके तेव्हा समोरचे कॅशियरसाहेब झोपले.

आधी मास्तरांना वाटलं, विचार करताहेत. मग बारीक घोरणं ऐकू आलं. चाल कॅशियरसाहेबांची होती, घड्याळही त्यांचंच पळत होतं.

क्लबच्या स्पर्धेत मास्तर आजवर एकही डाव जिंकले नव्हते. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "हरलात तर तोंड पाडून दुकानात बसू नका. गिऱ्हाईक घाबरतं."

मास्तरांनी खुणेनं पंचांना बोलावलं. "यांना उठवायचं का हो?" आवाज होईल तितका बारीक, कारण उत्तर 'हो' आलं असतं तर पंचाईत होती.

"झोपेला नियमात बंदी नाही," पंच कुजबुजले. "प्रतिस्पर्ध्याला त्रास द्यायला मात्र आहे."

हा नियम मास्तरांनी मनापासून पाळला. शेजारच्या पटावरच्या केमिस्टला शिंक येऊ लागली, तेव्हा त्यांनी स्वतःचा रुमाल त्याच्या नाकावर दाबला. पंखा कुरकुरत होता, तो बंद करवला. त्यामुळे कॅशियरसाहेबांना घाम फुटला, म्हणून मास्तर पुठ्ठ्यानं वारा घालू लागले. एवढ्यात साहेबांची मान पटावर कलली. सोंगट्या पडल्या असत्या तर जाग आली असती! मास्तरांनी दुसऱ्या तळहातावर ते कपाळ अलगद तोलून धरलं.

"सख्खा भाऊ करणार नाही इतकं," बघ्यांपैकी कुणीतरी गहिवरून म्हणालं.

अखेर साहेबांची वेळ संपली. "जिंकलो!" मास्तर ओरडले आणि हात काढून घेतला. कॅशियरसाहेब दचकून उठले.

आता भांडण होणार म्हणून मास्तरांनी बाह्या सावरल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, डोळे चोळले आणि मास्तरांचे दोन्ही हात धरले.

"मास्तर, कित्येक महिने डोळ्याला डोळा नव्हता हो! डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. तुमच्या चार चाली पाहिल्या आणि काय गाढ लागली म्हणून सांगू!"

दुसऱ्या दिवशी कॅशियरीणबाई दुकानात हजर. "मास्तर, रोज संध्याकाळी एक डाव टाकाल का यांच्याशी?"

"बाई, मी जिंकलोय काल!" मास्तर ताठ झाले.

"जिंका की रोज, आमचं काही म्हणणं नाही," बाई म्हणाल्या. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "आमच्या सासूबाईंनाही झोप नाही हो. त्यांना बुद्धिबळातलं काही कळत नाही, पण नुसत्या शेजारी बसल्या तर गुण येईल ना?"