जन्मसालाचा कप

रामटेके काका नवीन माणसाला नाव विचारत नाहीत, जन्मसाल विचारतात. "साल सांगा, साल," म्हणतात आणि डोळे मिटून घेतात. आमच्या ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळात नव्याने येणारे लोक त्यांना ज्योतिषीच समजतात. आखनहून आलेल्या एका पीएचडीवाल्या मुलाने तर घाईघाईने उजवा तळहात पुढे केला होता. काकांनी तो हात प्रेमाने हलवला आणि त्याच्या जन्माच्या साली वेल्समधला रग्बीचा कप कोणी जिंकला, पाऊस किती होता आणि शेवटी शेवटी कोणाच्या हातून चेंडू सुटला, ते सगळं सांगितलं. त्या बिचाऱ्याला व्हिसा वाढेल का एवढंच हवं होतं.

रग्बीतलं मला कळतं ते इतकंच, की अंड्यासारखा चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला चिखलात लोळवायचं. वेल्समधल्या क्लबांची म्हणे दरवर्षी एक स्पर्धा असते. हरला तो घरी, जिंकला तो पुढे. त्यामुळे कुठल्याशा खाणीजवळच्या खेड्यातला क्लबही एखाद्या दिवशी मोठ्या शहराच्या क्लबाला घरी पाठवतो. काकांचा जीव त्यात. बाकी रग्बीशी त्यांना कर्तव्य नाही, वर्ल्ड कप चालू असला तरी टीव्ही लावत नाहीत. आणि हे सगळं जर्मनीत, जिथे या कपाचं नाव ऐकलेला माणूस मला आजतागायत भेटलेला नाही.

काका मूळचे नागपूरचे. ऐन तरुणपणी वेल्समधल्या एका पोलादाच्या कारखान्यात नोकरीला गेले, काही वर्षांनी तिथून ड्युसेलडॉर्फला आले ते इथलेच झाले. आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. म्हणजे तक्रार करायलाही लांब जावं लागत नाही.

माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या तेव्हा काकांनी त्यांना जिन्यातच गाठलं. सासूबाईंनी साल सांगितलं बेचाळीस. काकांचा चेहरा खरोखर पडला. "अरेरे," ते म्हणाले, "तुम्ही कपाच्या आधीच्या." स्पर्धा सुरू झाली सत्तरीनंतर, त्याला सासूबाई काय करणार. पण त्यांना ते फार लागलं. काकांनाही चैन पडेना. संध्याकाळी येऊन त्यांनी माझ्या नवऱ्याचं साल विचारलं, त्र्याहत्तर निघालं, आणि काका खुलले. "बाप्पा, काय साल आहे. आदल्या वर्षी पहिलाच कप काळ्या जर्सीवाल्यांनी नेला होता. त्र्याहत्तरला लाल जर्सीवाल्यांनी घेतला आणि लागोपाठ चार वर्षं सोडला नाही." तेव्हापासून सासूबाई नाशिकला फोनवर सांगतात, आमच्या महेशच्या पायगुणाने तिकडे कुणीतरी चार वर्षं कप जिंकत होतं.

त्या कपाचं नावही धड एक नाही. जो पैसे देईल त्याचं नाव: आधी सरबतवाले, मग वीजवाले, मग बँकवाले, अलीकडे फोटोकॉपीच्या मशीनवाले. मी एकदा म्हटलं, काका, तुमचा कप फारच सासरं बदलतो. चहा अर्धा टाकून वर निघून गेले.

मग एकदा ते आठवडाभर दाढी न करता दिसले. नागपूरला कोणीतरी गेलं असणार असं धरून मी पिठलं-भात करून वर नेला. काकांनी निमूट जेवून घेतलं आणि मग सांगितलं, की वेल्समध्ये मोठमोठे क्लब मोडून एकमेकांत कालवताहेत, त्यांचे नवे संघ करताहेत, आता कपाला जुनी शान राहायची नाही. मी माझं पातेलं घेऊन खाली आले. एवढा राग आला होता की जिन्यात हसूच फुटलं.

लताकाकू होत्या तोवर हे सगळं आवरलेलं असायचं. त्या नुसत्या "अहो" म्हणाल्या की काका डोळे उघडायचे. मुलगी उत्पला इथेच वाढली. तिला मराठी कळतं पण उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि काकांचं जर्मन कारखान्याच्या दाराबाहेर फारसं चालत नाही. त्यामुळे बापलेकीचं बोलणं काकूंच्या मार्फत व्हायचं. काकू गेल्या, आणि दोघं रविवारी फोनवर एकमेकांना "जेवलात का, जेवलीस का" एवढं विचारून फोन ठेवायला लागले.

उत्पलाचं लग्न ठरलं मथियासशी. मुलगा सरळ, कोलोनचा, इंजिनियर. सासऱ्यांना खूष करायचं म्हणून त्याने इंटरनेटवरून सगळ्या फायनलचे निकाल पाठ केले होते, परीक्षेला बसल्यासारखे. पण उत्पलाने दोघांनाही दम दिला. तिच्या शाळेतल्या बाईंना, दाताच्या डॉक्टरला, पहिल्या साहेबाला, प्रत्येकाला काकांनी साल विचारलेलं होतं आणि ती शेजारी उभी राहून लाल झालेली होती. लग्नात वडिलांनी चार शब्द बोलायचे, पण कपाचं अक्षर काढायचं नाही. काढलं तर ती उठून जाईल. काकांनी कबूल केलं आणि थेट माझ्याकडे आले.

चहा पुढे ठेवला तरी घेईनात. कप सोडून काय बोलायचं, असं विचारायला लागले. मला वाटलं चेष्टा करताहेत. मग म्हणाले, तेविसाव्या वर्षी वेल्सला गेलो तेव्हा कॅन्टीनमध्ये कितीतरी महिने एकटाच जेवायचो. एके दिवशी धीर करून शेजारच्या टेबलाला विचारलं, काल कपाची मॅच कोण जिंकलं? तर बाकावर सरकून जागा केली त्यांनी.

"तेव्हापासून तेच बोलतो, बेटा," ते म्हणाले. "दुसरं मला येतच नाही."

इतके दिवस या माणसाची टिंगल केली, त्याचं मला कसंतरीच झालं. मग मी कंबर कसली. पाच वाक्यं बसवली: पाहुण्यांचे आभार, काकूंची आठवण, मुलीचं कौतुक, जावयाचं स्वागत, जेवून जा. ते मराठीत बोलणार, मी शेजारी उभी राहून जर्मनमध्ये सांगणार. माझ्या स्वयंपाकघरात तालीम चालायची. मुलीच्या कौतुकापाशी गाडी हमखास घसरायची. "उत्पला पहिलीत गेली, त्या साली सेमीफायनलला," असं सुरू झालं की मी लाटणं आपटायची.

लग्न छान झालं. आधी श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत, सह्या, मग हॉलमध्ये त्रिशरण-पंचशील, मग केक. काका उभे राहिले. आभार नीट मानले. मग "आज तुझी आई" इथपर्यंत आले आणि थांबले. मी हळूच पुढचे शब्द सांगितले. त्यांना ऐकू गेलं नाही. ओठ हलत होते, आवाज नव्हता. जर्मन मंडळी हातात ग्लास धरून शहाण्यासारखी वाट बघत होती.

तेव्हा उत्पला बोलली, अडखळत, मराठीत.

"पप्पा, माझं साल सांगा ना. कोण जिंकलं?"

मथियास ताठ बसला. 'साल' एवढ्या शब्दावरून त्याला प्रश्न कळला होता आणि उत्तर येत होतं. काकांनी मात्र या वेळी डोळे मिटले नाहीत.

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले.

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. पण ते सांगायला लागले, आणि सरळ सांगत गेले. तेव्हा ते वेल्सलाच होते. फायनलचं तिकीट होतं, आयुष्यातलं पहिलं. त्याच दिवशी सकाळी उत्पला झाली, दीड महिना आधी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. काकूंना शुद्ध नव्हती. काका काचेबाहेर उभे होते. कुणीतरी येऊन विचारलं, रेडिओ लावू का, स्कोअर ऐकता का? ते नको म्हणाले. पुढे कारखान्यात कोणी त्या मॅचचं बोलायला लागलं की ते उठून जायचे.

"तू जगलीस," काका म्हणाले. "त्या सालचं मला तेवढंच माहीत आहे."

हे मी जर्मनमध्ये सांगायचं होतं. पहिलं 'माहीत नाही' तेवढं सांगितलं, पुढे नुसती डोळे पुसत राहिले. त्यामुळे मथियासला एवढंच समजलं, की सासऱ्यांना उत्तर आठवत नाहीये. तो भला माणूस मदतीला धावला. अर्धवट उठत म्हणाला, मला माहीत आहे, त्या वर्षी कप,

आणि उत्पलाने मेंदीचा हात त्याच्या तोंडावर दाबला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती पप्पांकडे बघत होती, आणि ते खाली बसेपर्यंत तिने तो हात काढला नाही.