देणगीदार सुटायला नको

संघटनेचं पत्र पंचशीला मॅडमनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं निघालं. आट्यापाट्यांची विभागीय स्पर्धा लातूरला होईल. प्रवासखर्च परवडत नसल्याने निवड समिती येणार नाही. सबब अंतिम सामन्याचं चित्रीकरण सोमवारी दुपारी बारापर्यंत पाठवावं, ते पाहून राज्याच्या संघात मुली घेतल्या जातील. चित्रीकरणाची जबाबदारी नांदेड जिल्ह्याची. खर्च कुठून करायचा, तर 'स्थानिक दात्यांकडून'.

मॅडम लोह्याच्या शाळेत खेळ शिकवायच्या आणि जिल्ह्याचा मुलींचा संघही त्यांच्याच गळ्यात होता. आट्यापाट्या म्हणजे जमिनीवर आखलेल्या नऊ आडव्या पाट्या. प्रत्येक पाटीवर समोरच्या संघाची एक पोर पहाऱ्याला. तिला हूल द्यायची, तिचा हात अंगाला लागू द्यायचा नाही, आणि एकेक पाटी ओलांडत पलीकडं पोचायचं. सगळी गंमत हुलकावणीत. पण गावातल्या टेनिस बॉलच्या क्रिकेटला ड्रोन यायचा आणि आट्यापाट्यांपुढं साधा मोबाइल धरायला कुणी थांबायचं नाही.

मॅडमचा सगळा जीव त्यांच्याच शाळेतल्या आरतीत अडकला होता. आरतीसारखी हूल देणारी पोर त्यांनी वीस वर्षांत पाहिली नव्हती. तिच्या वडिलांनी, भुजंगरावांनी, मॅडमना घरी बोलावून, चहा पाजून सांगितलं होतं, "यंदा राज्याच्या संघात नाव आलं तर खेळू द्या. न्हाई आलं तर नर्सिंगचा फॉर्म भरायचा. मग तुमी मधी बोलायचं न्हाई बरं का." चहा चांगला होता, माणूस सरळ होता. भांडायला जागाच ठेवली नव्हती.

मॅडम दाते शोधायला निघाल्या. पहिले भेटले बजरंगशेठ, खत-बियाणाचे दुकानदार.

"मॅडम, कॅमेऱ्याला पैसे मी द्यायलोय ना?"

"हाव, शेठ."

"मग कॅमेऱ्यात मी हाय ना?"

"असाल की."

"असाल न्हाई. हाय म्हणा. मागं रक्तदान शिबिराला खुर्च्या दिल्या, तर फोटोत निस्त्या खुर्च्याच आल्या."

दुसरे बोअरच्या गाडीचे मालक रामकिशनराव. त्यांना शाल चालत नव्हती, फेटाच पाहिजे होता, आणि तोही मैदानावर, सगळ्यांसमोर बांधलेला. तिसरे लातूरचे एक क्लासवाले सर. त्यांनी मॅडमच्या हातात पैशाच्या आधी फ्लेक्सचं डिझाइन ठेवलं. वीस फुटी होतं. त्यावर सरांचा फोटो आणि खाली डॉक्टर झालेल्या सत्तावीस पोरांचे चेहरे.

चौथी देणगीदार मॅडमनी शोधली नव्हती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कोंडाबाईंनी पदराच्या गाठीतून एकशे एक्कावन्न रुपये काढून टेबलावर ठेवले.

"राहू द्या, मावशी."

"का बरं? बोअरवाल्याचं घेतलं न्हवं? लिवा नाव."

"पावती देऊ?"

"पावती काय खिचडीत घालू? मला पोरींसंगं जीपमधी न्या. धपाटे मी आणते."

मॅडमनी यादीत शेवटी नाव लिहिलं.

आता राहिला कॅमेरा. लोह्यात कॅमेरा म्हणजे आदर्श. त्यानं आजवर लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं आणि एका बैलाचा वाढदिवस इतकंच शूट केलं होतं. त्याचे दोन कॅमेरे होते, पण एक औशाच्या साखरपुड्याला गेला होता. उरलेला घेऊन तो गुरुवारी शाळेच्या मैदानावर मॅडमकडं आला आणि धंद्याचा पहिला प्रश्न विचारला.

"मॅडम, ह्यात नवरी कोणती?"

"म्हणजे?"

"म्हणजे कॅमेरा कुणावर धरू? लग्नात नवरी असती. इथं नऊ हायत म्हणता."

मॅडमच्या ओठावर आरतीचं नाव आलं होतं. पण मैदानाच्या कडेला बाकीच्या आठजणी रेघा आखत होत्या आणि त्यांतल्या चौघींचे कान इकडंच होते.

"नऊच्या नऊ नवऱ्याच हायत, असं समज," मॅडम म्हणाल्या.

एवढ्यात बजरंगशेठचा फोन आला. खुर्च्यांची गोष्ट त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. फोन ठेवताच मॅडमनी वैतागून यादी आदर्शच्या हातात दिली. "हे बघ, एक काम कर. ह्यातला देणगीदार एक बी सुटायला नको."

आदर्शचा चेहरा उजळला. नऊ नवऱ्यांचं त्याला काही उमगलं नव्हतं, पण ही भाषा त्याची होती. "आहेराची यादी द्यायची की सरळ! मॅडम, बारा वर्षांत माझ्या हातून एक आहेर सुटलेला न्हाई."

रविवारी लातूरच्या मैदानावर अंतिम सामना अकराला होता. उद्‍घाटक पाहुणे आले पावणेअकराला, म्हणजे दोन दिवस उशिरा, कारण उद्‍घाटन शुक्रवारी होतं. ते आले म्हटल्यावर सत्कार त्यांच्याच हातून पाहिजेत, असं सगळ्या दात्यांचं ठरलं.

"शेठ, सामना होऊ द्या, मग निवांत सत्कार करू," मॅडमनी हात जोडले.

"मला दोनला निलंग्याला लग्न हाय, मॅडम. अक्षता पडल्यावर जाऊ का?"

मग सत्कार आणि सामना एकाच वेळी सुरू झाले. देणग्या मॅडमनी आणल्या, म्हणून सत्कारही मॅडमनीच पुकारायचे, हे संयोजकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. संघाची प्रशिक्षिका काखेत तीन नारळ, खांद्यावर शाल आणि हातात माइक घेऊन स्टेजवर उभी राहिली. मैदानाच्या आणि स्टेजच्या मधोमध क्लासवाल्या सरांचा वीस फुटी फ्लेक्स होता. सत्तावीस डॉक्टरांच्या डोक्यांवरून मॅडमना फक्त उडालेली धूळ दिसत होती.

"आता मी विनंती करते..." मॅडम माइकवर म्हणत होत्या आणि टाचा उंचावून आरतीची वेणी शोधत होत्या.

रामकिशनरावांचा फेटा तीनदा सोडावा लागला. पहिल्यांदा शेमला आखूड झाला, दुसऱ्यांदा कान झाकला, तिसऱ्यांदा फोटो काढताना त्यांना शिंक आली. आदर्श सगळं इमानानं टिपत होता. सामन्याचा पहिला डाव त्यात संपला. मॅडमनी डोळ्यांनी खुणावलं, जा, मैदानात जा. आदर्शनं खिशातली यादी काढली, तीन नावांवर टिक केली आणि एक बोट वर केलं. एक राहिलंय. मग तो गर्दीत दिसेनासा झाला.

पाहुण्यांचं भाषण मात्र राहिलं होतं. त्यानंतर आभार, तेही मॅडमनीच मानायचे. नांदेड जिंकलं, हे त्यांना टाळ्यांवरून कळलं. टाळ्या त्यांच्या आभाराला नव्हत्या, एवढं त्यांना नक्की माहीत होतं.

संध्याकाळी लोह्याला परतल्यावर मॅडम तशाच आदर्शच्या स्टुडिओत गेल्या. त्यानं अभिमानानं फाइल लावली. बजरंगशेठ गाडीतून उतरतात. बजरंगशेठ पुन्हा एकदा गाडीतून उतरतात, कारण पहिल्यांदा दार नीट लागलं नव्हतं. नारळ. शाल. फेटा, फेटा, फेटा. क्लासवाले सर स्वतःच्या फ्लेक्सपुढं स्वतःसारखेच उभे. तेवीस मिनिटांत आरती एकदाच दिसली, तीही रामकिशनरावांच्या कानामागून.

"सामना कुठाय रे?"

"सामना तुमी सांगितलाच न्हाई की मॅडम. देणगीदार सांगितले."

मॅडमनी डोळे मिटले. डोळ्यांपुढं भुजंगरावांचा चहा आला, आणि नर्सिंगचा फॉर्म. पोरीनं आपल्या पायांनी सगळं केलं आणि आपण एका वाक्यानं घालवलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आदर्श घाबरला. लग्नाच्या शूटिंगमध्ये बाया रडतात ते त्याला सवयीचं होतं, पण त्या समाधानानं रडतात.

"मॅडम, अजून एक फाइल हाय. पण ती दाखवण्याजोगी न्हाई. कोंडामावशी एका जागी बसायलाच तयार न्हाई. मी म्हणलं शाल घ्यायला चला, तर म्हणती, एवढ्या उन्हात शाल घेऊ का वेडी हाय? मग मागं मागं पळालो की."

"एकशे एक्कावन्न रुपयांसाठी?"

"तुमाला अनुभव न्हाई, मॅडम. मोठ्याची समजूत निघती. बारक्या आहेरवाल्याचा रुसवा पिढ्यान् पिढ्या जातो."

त्यानं फाइल लावली.

पडद्याच्या डाव्या कडेला कोंडाबाई होत्या. हिरवं लुगडं खोचलेलं, तोंड उघडं, हात वर. आणि त्यांच्या खांद्यामागं, लख्ख उन्हात, आरती. "हूल दे! डावी दाव, उजवी घे! आता थांब... थांब गं... पळ!" आरती पळाली की मावशी रेषेबाहेरून पळायच्या, आणि मावशी पळाल्या की आदर्श. उरलेले तिन्ही डाव, पाटी न् पाटी, त्यात आले होते. ड्रोनला हे जमलं नसतं, कारण पोर पुढच्या क्षणी कुठं वळणार हे ड्रोनला ठाऊक नसतं. खिचडीघराच्या खिडकीतून तीन वर्षं रोज सराव बघितलेल्या बाईला ते ठाऊक होतं.

शेवटच्या पाटीवर आरतीनं अशी हूल दिली की पहाऱ्यावरची पोर धुळीत बसली. कोंडाबाईंनी कॅमेऱ्याकडं वळून, आदर्शला ढकलत, "बाजूला सर की रं मुडद्या," म्हटलं. तिथं फाइल संपली.

मॅडमनी ती जशीच्या तशी पाठवली. आदर्शला शेवटी गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या होत्या, तेवढ्या त्यांनी टाकू दिल्या नाहीत.

वीस दिवसांनी पत्र आलं. मॅडम ते घेऊन आधी भुजंगरावांकडं गेल्या. त्यांनी ते सावकाश वाचलं, घडी घालून परत दिलं आणि "मग कपडे-बिपडे काय लागतील तिला?" एवढंच विचारलं. तिथून मॅडम खिचडीघरात आल्या. कोंडाबाई डाळ निवडत होत्या.

"मावशी, आरती निवडली."

"मला ठावं हाय. दुसरं काय लिवलंय?"

मॅडमनी घसा साफ केला. "'सामन्यात हिरव्या लुगड्यातील ज्येष्ठ प्रशिक्षिका रेषेबाहेरून मार्गदर्शन करताना दिसल्या. त्यांची खेळाची जाण उत्तम असून, त्यांना राज्याच्या शिबिरास अवश्य पाठवावे.'"

कोंडाबाईंचा हात डाळीत थांबला. "अगं बाई. आन् तुमचं काय?"

"माझं बी हाय की. 'पाठीमागे ध्वनिक्षेपकावर अखंड बोलणाऱ्या भगिनीस पुढील वेळी आवाज कमी ठेवण्यास सांगावे.'"

कोंडाबाईंनी ताट बाजूला सारलं आणि मॅडमच्या हातावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. मी एकटी न्हाई जायची. तुमी बी चला माझ्यासंगं." त्यांनी थोडा विचार केला. "तिथं बी कुणाकुणाचे सत्कार असतीलच की."