एका पोस्टवर एकच जवान

आमच्या वडूजला सुभेदारांनी कुणाकडे चहा घेतला, की त्या घरातल्या कॉम्प्युटरचं काही खरं नसतं. कप खाली ठेवायच्या आत जुनी सिस्टिम पुसून लिनक्स घालायला सुरुवात झालेली असते. फौजेत सिग्नलला होते. निवृत्त झाले, पण हुकूम सोडायची खोड काही गेली नाही. गेल्या वर्षी काकू वारल्या, तेव्हापासून घरात हुकूम ऐकायला कुणी नाही. मग शेजारी सापडतात.

लिनक्सवर त्यांचा जीव, पण त्यातल्या मेनूवर दात. एकाच कामाला दोन-दोन अ‍ॅप दिसली, की यांचं डोकं फिरतं. "एका पोस्टवर दोन जवान उभं केलं, की दोगंबी झोपत्यात," म्हणत एक उडवतात आणि उरलेलं डिफॉल्ट करतात, म्हणजे फाईल उघडली की त्यानेच हजर व्हायचं. याला ते 'ड्यूटी लावणं' म्हणतात.

मी शाळामास्तर. साताऱ्याला ट्रेनिंगला गेलो, तेवढ्यात आमच्या हिने भोळेपणाने यांना चहा पाजला. परत येऊन बघतो, तर कचरापेटीचं नाव 'उकिरडा', सेटिंगचं 'हात लावू नये', आणि मेनूतला कॅल्क्युलेटर गायब. विचारलं तर म्हणाले, गुरुजींनाच पाढे येत नसतील तर पोरांनी काय करायचं? मी मनात डूख धरला.

परवा त्यांच्याकडे प्रिंट काढायला गेलो. ते कपाटात कागद शोधत होते. समोर त्यांच्या कॉम्प्युटरवर आवाजाची एक फाईल दिसली, म्हणून उघडली. वाजायचं सोडून आवाज कापायचं-जोडायचं अ‍ॅप उघडलं आणि पडद्यावर नुसत्या निळ्या रेघा. मला आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. सुभेदार, इथे तुमची ड्यूटी चुकली, असं म्हणत मी गाणी वाजवायचं अ‍ॅप डिफॉल्ट केलं आणि फाईल पुन्हा उघडली.

"आवं, चा गार हुतोय."

आवाज काकूंचा होता. "आलो," म्हणत सुभेदार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तिथे थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येऊन त्यांनी माझ्या हातातला माऊस घेतला आणि रेघांचं अ‍ॅप पुन्हा डिफॉल्ट केलं.

"रेघा बघितल्या तरी तीच हाय हे कळतं, गुरुजी," ते म्हणाले. "आवाज आला, की मी उठून आत जातो. आत कुनी नसतं."