बाराव्या बटणाखाली

ताईच्या पाळणाघरात दुपारी बारा मुलांना झोपवायचे काम तिच्या प्रोग्रामर भावाने हौसेने अंगावर घेतले. प्रत्येक घरून अंगाईचे रेकॉर्डिंग आले होते. टॅबवर मुलागणिक एक बटण असणार, दाबले की त्या मुलाच्या घरचा आवाज खोलीभर येणार. बारा बटणे हाताने कोण करत बसतो? भावाने लूप लिहिला: बटण बनव, मुलाचे नाव दे, पडद्यावर ठेव, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक बटण कुठे ठेवायचे हे लिहिणार, तेवढ्यात समोरच्या गच्चीवर एक ढग टेकला आणि स्वारी मनाने त्याच्याबरोबर भटकायला गेली.

दुसऱ्या दिवशी, खोली ज्या संस्थेची होती तिच्या देखरेखीच्या बाई आल्या. मुले झोपत नसतील तर ही खोली सामान ठेवायला घ्यायची, असे त्यांनी ठरवलेच होते. खोली गेली की ताईचे पाळणाघर दुपारीच बंद.

"अरे, एकच बटण दिसतंय. बबडीचं!" ताई कुजबुजली.

भावाने टॅब जवळ ओढून पाहिला. "सगळी आहेत गं. एकावर एक बसलीत. जागा बदलायची राहिली."

"शहाणाच आहेस! बाई दारात उभ्या आहेत."

"मग आहे ते दाब."

बबडी यादीत शेवटची, म्हणून तिचेच बटण सगळ्यांत वर. तिच्या बाबांना एकही गाणे येत नव्हते, म्हणून त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्राचे माहितीपत्रक वाचून पाठवले होते.

"पायरी पहिली. कपडे सैलसर ठेवा. पायरी दुसरी. झाकण नीट बंद झाले आहे याची खात्री करा..."

पडदे हळूच फुगले. उन्हाचा चौकोन गाद्यांवरून सरकत राहिला. एकेक पापणी मिटली, आणि भिंतीला टेकलेल्या बाईंची मानही कलली. ताईला तर आनंदाने रडूच यायचे बाकी होते.

पण भावाला चूक सहन होईना.

"तीन मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नकोस!"

त्याने लावलाच. बारा बटणे ओळीत आली, आणि त्याने अभिमानाने पहिले दाबले. चिमणीच्या आईचा गोड आवाज आला. चिमणी ताडकन उठली. "आई कुठंय?" आई म्हटल्यावर बाकीच्यांनाही आपापली आठवली. खोलीत एकच आकांत झाला. बाई दचकून उठल्या आणि त्यांनी वही उघडली.

ताईने टॅब हिसकावून बबडीचे बटण दाबले. पायरी पहिली. हुंदके विरळ झाले. पायरी दुसरी. बाईंचे पेन बोटांतून घरंगळले.

बऱ्याच वेळाने बाई जाग्या झाल्या, पदर सारखा केला आणि वहीत लिहिले: खोली चालू ठेवावी. जाताना मात्र दाराशी घुटमळल्या.

"एक विचारू? झाकण बंद केल्यावर पुढं काय होतं? मला दोन्ही वेळा तिथंच झोप लागली."

ताईला ठाऊक नव्हते. भावालाही नव्हते, तोही कोपऱ्यात डोळे चोळत होता.

शेवटच्या गादीवर बबडी टक्क जागी बसली होती.

"मग पाणी सोडायचं," ती म्हणाली. "माझे बाबा छान सांगतात. तुम्ही कुणी ऐकतच नाही."