सरांच्या खिशातलं पत्र

कवळ्या बनवणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये वयाने सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत. तीन वर्षांत तिने शेकडो बोळक्यांना दात दिले. पण तिथलं काम पाहणाऱ्या सरांच्या तोंडून शाबासकीचा एक शब्द तिला काढता आला नव्हता. ते कवळी उजेडात धरत, "हं" म्हणत आणि बाजूला ठेवत. शेवटी तिने दुसरीकडे नोकरी मिळवली आणि सोमवारी सकाळी राजीनामा घेऊन ती सरांच्या खोलीत शिरली.

सर टेबलावर डोकं टेकून बसले होते. झोपमोड करून बोलणी कोण खाणार? तिने पाकीट हळूच त्यांच्या एप्रनच्या खिशात सरकवलं आणि बाहेर येऊन सुटकेचा श्वास टाकला.

अकरापर्यंत सरांना हाक मारायची कुणाची छाती झाली नाही. मग डॉक्टर आले आणि म्हणाले, "हे आठलाच गेलेत."

धाकटी हादरली. तिने राजीनामा दिला होता नऊला.

पाकीट काढायला ती धावली, तोवर सर एप्रनसकट घराकडे रवाना झाले होते.

गुरुवारी शोकसभा झाली. सरांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि त्यांनी पर्समधून तेच पाकीट काढलं. धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली.

"धाकटीने ह्यांच्या खिशात हा निरोप ठेवला होता," असं म्हणून त्या वाचू लागल्या, "'सर, आता इथे माझं मन लागत नाही. यापुढे इथे थांबणं मला शक्य नाही.'"

ज्याला सरांनी गाढव याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती, तो पॉलिशवाला हमसून हमसून रडला. मालकांनी नाक पुसलं. "सरांची जागा हिलाच! एवढी माया आजकाल बघायला तरी मिळते का?"

दुसऱ्या दिवशी धाकटी सरांच्या घरी गेली. "काकू, ते पत्र... तो राजीनामा होता."

"माहीत आहे गं. खाली एक महिन्याची नोटीस लिहिली होतीस. तेवढं गाळलं मी."

"पण का?"

"कुणाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. सगळे बिस्किटं खात होते. बरं दिसतं का ते?"

काकूंनी तिला शेजारी बसवून घेतलं.

"घरी मात्र रोज तुझंच कौतुक. 'पोरीच्या हातात जादू आहे, तिची कवळी लावली की माणूस पुन्हा हसायला लागतो,' म्हणायचे."

"मला कधीच बोलले नाहीत."

"भीती वाटायची त्यांना. आपली किंमत कळली तर पोरगी दुसरीकडे जाईल म्हणून."

धाकटीने तिथेच फोन काढला आणि नव्या ठिकाणी येत नसल्याचं कळवलं. "यातलं एक वाक्य जरी कानावर पडलं असतं ना काकू..." ती ढसाढसा रडू लागली.

काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"आत्ता रडतेस होय? काल अशी रडली असतीस, तर मला पत्र वाचावंच लागलं नसतं."